चित्र एका कपाटात, आवाज दुसऱ्या: विल्यम डिक्सनची गोष्ट

घरातलं एखादं लग्न किंवा शाळेचं स्नेहसंमेलन शूट करताना बरेच जण एक युक्ती करतात. चित्र कॅमेऱ्यात घ्यायचं आणि आवाज मात्र स्टेजजवळ ठेवलेल्या मोबाईलवर किंवा छोट्या रेकॉर्डरवर. घरी आलं की कॉम्प्युटरवर दोन फाईली असतात. एकीत चित्र आहे पण आवाज लांबून आल्यासारखा, दुसरीत आवाज स्वच्छ पण चित्रच नाही. आता या दोन्ही एकत्र करायच्या असतात.

काम सोपं वाटतं आणि बऱ्याचदा असतंही. एमपी४ किंवा एमकेव्ही ही नावं आपण फाईलच्या शेवटी बघतो, तो प्रत्यक्षात एक डबा असतो. जेवणाच्या डब्यात पोळी एका कप्प्यात आणि भाजी दुसऱ्या कप्प्यात असते, तसं चित्र आणि आवाज त्या डब्यात वेगवेगळेच राहतात. फक्त प्रत्येक तुकड्यावर वेळेची चिठ्ठी लावलेली असते: हे चित्र बाराव्या सेकंदाला दाखव, हा आवाज बाराव्या सेकंदाला वाजव. प्लेअर त्या चिठ्ठ्या वाचतो आणि दोघांना बरोबर चालवतो.

घोटाळा होतो तो दोन जागी. एक म्हणजे सुरुवात जुळत नाही, आवाज दोन सेकंद मागे पडतो. हे सोपं दुखणं आहे, आवाज दोन सेकंद पुढे सरकवला की संपलं. दुसरं दुखणं जास्त वाईट असतं. सुरुवातीला सगळं जुळलेलं दिसतं आणि शेवटी शेवटी गायकाचे ओठ मिटल्यावर सूर ऐकू येतो. म्हणजे दोन्हींचा वेगच वेगळा आहे. व्हिडिओ सेकंदाला २९.९७ चित्रांचा आणि आपण तो ३० चा समजलो, तर फरक हजारात एकाचा. पण एका तासात तो साडेतीन सेकंदांच्या वर जातो. इथे आवाज पुढेमागे सरकवून काही होत नाही. वेगच दुरुस्त करावा लागतो.

ही दोन्ही दुखणी जगात पहिल्यांदा ज्याच्या वाट्याला आली त्या माणसांपैकी एक म्हणजे विल्यम केनेडी लॉरी डिक्सन. सिनेमाच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या पानावर असतं, पण बाहेर विचारलं तर लोक एडिसनचं नाव सांगतात. आणि त्याने वेगवेगळे टिपलेले चित्र आणि आवाज एकत्र आले ते शंभराहून जास्त वर्षांनी, कॉम्प्युटरवरच.

डिक्सनचा जन्म ३ ऑगस्ट १८६० चा, फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या एका गावात. आईवडील मात्र ब्रिटिश वळणाचे. वडील लवकर गेले. १८७९ मध्ये विल्यमने इंग्लंडमधून थेट थॉमस एडिसनला पत्र लिहिलं आणि नोकरी मागितली. एडिसनने फोनोग्राफ दोन वर्षांपूर्वीच बनवलेला, त्यामुळे अशा पत्रांचा त्याच्याकडे ढीग पडत असणार. उत्तर नकाराचं आलं. माणसं वाढवायची नाहीत, येऊ नका.

पोरगा तरीही अमेरिकेला गेला. त्याच वर्षी कुटुंबाने व्हर्जिनियात बिऱ्हाड हलवलं, आणि १८८३ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्याने एडिसनच्या कंपनीत नोकरी मिळवलीच. तिथे तो हळूहळू वर चढला. त्याचं खरं काम होतं चुंबकाने लोखंडाचं खनिज वेगळं करण्याच्या प्रयोगांचं. फोटोग्राफीचा नाद होता, त्यामुळे प्रयोगशाळेचा फोटोग्राफरही तोच. हे जोडकाम पुढे मुख्य ठरलं.

१८८८ च्या फेब्रुवारीत घोड्याच्या धावण्याचे फोटो काढून गाजलेला एडवर्ड मायब्रिज एडिसनला भेटला. मायब्रिजच्या सांगण्यानुसार त्याचं चित्रांचं यंत्र आणि एडिसनचा फोनोग्राफ एकत्र करावा अशी बोलणी तेव्हा झाली. ऑक्टोबरमध्ये एडिसनने पेटंट कार्यालयात एक कागद दाखल केला. फोनोग्राफ कानासाठी जे करतो ते डोळ्यांसाठी करणारं यंत्र आपण बनवतो आहोत, असा त्याचा आशय होता. म्हणजे चित्र आधी आणि आवाज नंतर चिकटवला, असं इथे झालेलंच नाही. आवाज आधीच हातात होता आणि त्याला चित्राची जोड हवी होती. मूकपट हा मधला टप्पा, आणि तोही नाइलाजाने आलेला.

काम सोपवलं डिक्सनवर. सुरुवात अगदी फोनोग्राफसारखीच झाली. नळकांड्यावर जसा आवाज कोरला जातो, तशीच टाचणीच्या डोक्याएवढी चित्रं नळकांड्यावर गोल गोल बसवायची. चित्रं धूसर आली. नळकांड्याच्या गोलाईमुळे कडा फोकसमध्ये येईनात. मग जॉर्ज ईस्टमनच्या कंपनीची नवी लवचिक सेल्युलॉइडची पट्टी आली आणि डिक्सनने नळकांडं सोडून दिलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याने आणि त्याचा सहकारी विल्यम हाइज याने जे ठरवलं ते सव्वाशे वर्षांनी अजून वापरात आहे. ईस्टमनची सुमारे ७० मिलिमीटरची पट्टी मधोमध चिरून ३५ मिलिमीटरची करायची, दोन्ही कडांना छिद्रं पाडायची, आणि प्रत्येक चित्रामागे दोन्ही बाजूंना चार चार छिद्रं ठेवायची. दातेरी चाक त्या छिद्रांत अडकतं आणि पट्टी घसरत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या राजा हरिश्चंद्रसाठी कॅमेऱ्यात घातलेली फिल्मही याच रुंदीची होती.

छिद्रांचं महत्त्व नुसतं पट्टी सरकवण्यापुरतं नाही. छिद्र म्हणजे मोजमाप. अमुक इतकी छिद्रं गेली म्हणजे अमुक इतकी चित्रं गेली, म्हणजे अमुक इतका वेळ गेला. वर सांगितलेल्या वेळेच्या चिठ्ठीचं हे पणजोबा. पण फोनोग्राफच्या मेणाच्या सिलिंडरला छिद्रं नव्हती. त्याच्या वेगाचा हिशोब फक्त तो फिरवणाऱ्या यंत्रापाशी असायचा. चित्राकडे मोजपट्टी होती, आवाजाकडे नव्हती. डिक्सनच्या पुढच्या सगळ्या अडचणी इथे आहेत.

१८९३ च्या सुरुवातीला वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेच्या आवारात एक विचित्र खोली उभी राहिली. बाहेरून डांबरी कागद लावलेली काळी, छप्पर उघडणारं आणि अख्खी खोली सूर्याच्या मागे मागे फिरवता येईल अशी. खर्च ६३७ डॉलर ६७ सेंट. कैद्यांना नेणाऱ्या पोलिसांच्या काळ्या गाडीवरून कामगारांनी तिचं नाव ब्लॅक मरिया ठेवलं. जगातला पहिला फिल्म स्टुडिओ म्हणून तिचं नाव घेतात. १८९४ च्या जानेवारीत याच प्रयोगशाळेत फ्रेड ऑट नावाच्या कामगाराची शिंक टिपली गेली, आणि १४ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर किनेटोस्कोपचं पहिलं दुकान उघडलं. दहा यंत्रं दोन रांगांत ठेवलेली. २५ सेंट द्यायचे आणि एका रांगेतल्या पाच यंत्रांत वाकून डोळा लावायचा. पडदा नव्हताच. एका वेळी एकच माणूस बघणार.

त्याच वर्षाच्या शेवटी किंवा १८९५ च्या अगदी सुरुवातीला ब्लॅक मरियात एक प्रयोग झाला. फ्रेमच्या डाव्या बाजूला एक अवाढव्य कर्णा आहे. त्याच्यासमोर स्वतः डिक्सन व्हायोलिन घेऊन उभा आहे. शेजारी दोन पुरुष एकमेकांना धरून नाचत आहेत. डिक्सन वाजवतो आहे ती रॉबर्ट प्लांकेत या फ्रेंच संगीतकाराच्या १८७७ सालच्या संगीतिकेतली नाविकाची चाल.

तो कर्णा चित्रात का आला? लपवायला जागा नव्हती म्हणून. तेव्हा मायक्रोफोनवरून रेकॉर्डिंग होत नव्हतं. आवाजाच्या लाटा कर्ण्यातून आत जायच्या, पडदा हलवायच्या आणि त्या हालचालीने सुई मेणावर खाच पाडायची. सगळी ताकद वाजवणाऱ्याच्या गजाची. दहा पावलं मागे जाऊन वाजवलं तर मेणावर काही उमटलंच नसतं. म्हणून चित्रासाठी सोयीचं अंतर आणि आवाजासाठी सोयीचं अंतर यांचं कधी पटायचं नाही. बऱ्याचदा चित्र आधी मुकं काढायचं आणि बाजारात तयार असलेला एखादा बँडचा सिलिंडर त्याला जोडायचा, हेच सोयीचं पडलं.

१८९५ च्या वसंतात एडिसनने किनेटोफोन विक्रीला आणला तो असाच होता. पेटीत वरून डोळा लावायचा, कानात नळ्या घालायच्या, आत पट्ट्याने फिरणारा फोनोग्राफ. चित्र आणि संगीत एकाच वेळी चालायचं, पण एकमेकांशी बांधलेलं नसायचं. नाचणारीचे पाय आणि ढोलाचा ठोका जुळला तर नशीब. अशी फक्त ४५ यंत्रं बनली. व्हायोलिनचा तो खरा प्रयोग, जिथे चित्र आणि आवाज एकाच क्षणी टिपले गेले होते, बाजारात गेला असं दिसत नाही.

आणि तोवर डिक्सनच तिथून निघाला होता. एप्रिल १८९५ मध्ये त्याने एडिसनची नोकरी सोडली. नवा व्यवस्थापक विल्यम गिल्मोर याच्याशी त्याचं बिनसलं होतं. पण कारण तेवढंच नव्हतं. चित्र पडद्यावर टाकण्याच्या खटपटीत असलेल्या लॅथम नावाच्या बापलेकांकडे डिक्सनचं येणंजाणं सुरू होतं, आणि पगार एडिसनचा चालू होता. ही वागणूक सरळ नव्हती, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं. एडिसन पडद्याकडे वळायला तयार नव्हता, एकेका माणसाला पेटीत डोकावायला लावूनच पैसे मिळत होते, आणि डिक्सनला पुढे काय येणार ते दिसत होतं. तरीही एका घरी जेवून दुसऱ्याच्या चुलीला फुंकर घालण्याचाच तो प्रकार.

तीन भागीदारांबरोबर त्याने नवी कंपनी काढली, तीच पुढे बायोग्राफ म्हणून गाजली. एडिसनच्या पेटंटच्या कचाट्यात सापडू नये म्हणून तिचा कॅमेरा मुद्दाम वेगळा केला होता. फिल्म जवळजवळ दुप्पट रुंद, म्हणजे ६८ मिलिमीटरची. एडिसनने तरीही खटला भरलाच. १९०२ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की चलचित्राचा कॅमेरा हा सगळाच्या सगळा एडिसनचा शोध मानता येणार नाही.

१८९७ मध्ये डिक्सन लंडनला आला आणि त्याच्या आयुष्याचा सगळ्यात धावपळीचा भाग सुरू झाला. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मिरवणूक त्याने टिपली. १८९८ मध्ये व्हॅटिकनमध्ये जाऊन पोप लिओ तेरावे यांना कॅमेऱ्यासमोर आणलं. १८१० साली जन्मलेला माणूस सिनेमात दिसतो तो त्यामुळे. १८९९ च्या ऑक्टोबरमध्ये जनरल बुलर ज्या जहाजाने बोअर युद्धासाठी दक्षिण आफ्रिकेला निघाला, त्याच जहाजात डिक्सन होता. वार्ताहर म्हणून निघालेला तरुण विन्स्टन चर्चिलही त्याच जहाजात होता. बायोग्राफचा कॅमेरा म्हणजे अवजड धूड, तो गाडीत घालून घोड्यांनी ओढत न्यावा लागे. कोलेन्सो, स्पिऑन कोप या भागांत तो बुलरच्या सैन्यामागे फिरला. त्याच मोहिमेत मोहनदास गांधी हिंदी लोकांचं रुग्णवाहक पथक घेऊन जखमींच्या डोल्या वाहत होते. या अनुभवावर डिक्सनने १९०१ मध्ये पुस्तक काढलं.

त्यानंतर तो सिनेमाच्या धंद्यातून बाजूला झाला. पण आवाज जोडण्याचा प्रश्न काही सुटला नव्हता. १९१३ मध्ये एडिसनने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी पडदा होता. फोनोग्राफ पडद्याजवळ आणि प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मागे, दोघांना जोडणारी लांबलचक दोरी. दोरी ताणली किंवा सैल पडली की माणूस बोलून गप्प झाल्यावर त्याचं वाक्य यायचं आणि प्रेक्षक हसायचे. थोड्याच काळात तोही उद्योग आटोपला.

खरा रस्ता दुसऱ्याच एका माणसाला दिसला होता. युजीन लॉस्त हा एडिसनच्या प्रयोगशाळेत काम केलेला, मग लॅथमकडे आणि बायोग्राफकडेही गेलेला फ्रेंच कारागीर. त्याने १९०६ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी की आवाज वेगळ्या वस्तूवर ठेवूच नका, प्रकाशाच्या रेघांच्या रूपात फिल्मवरच चित्राच्या शेजारी छापा. म्हणजे डब्यातले दोन कप्पे एकाच पट्टीवर. पट्टी तुटली, चिकटवली, हळू चालवली, काहीही केलं तरी दोघं बरोबरच राहणार. १९२६ पासून गाजलेल्या व्हिटाफोनमध्ये आवाज परत तबकडीवरच होता. तिथे फिल्म तुटून चार चित्रं कापावी लागली, की पुढचं अख्खं रीळ चार चित्रांनी आवाजाच्या पुढे पळायचं. अखेर फिल्मच्या कडेला आवाज छापण्याची पद्धतच टिकली. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये आलम आरा लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा अयोध्येचा राजा मराठीत बोलू लागला.

डिक्सन तेव्हा हयात होता. सत्तरी ओलांडलेली, मुक्काम इंग्लंडमध्ये. १९३३ मध्ये अमेरिकन चित्रपट अभियंत्यांच्या नियतकालिकात त्याने आपल्या कामाचा इतिहास लिहिला आणि जुना दावा पुन्हा मांडला. तो असा की १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये एडिसन पॅरिसचं प्रदर्शन बघून परतला, तेव्हा आपण त्याला पडद्यावर बोलतं चित्र दाखवून स्वागत केलं होतं. त्या चित्रात स्वतः डिक्सन पुढे येतो, टोपी उंचावतो आणि बोलतो, आणि आवाज चित्राशी जुळलेला असतो.

इतिहासकारांना हे पटत नाही, आणि माझ्या मते ते बरोबर आहेत. १८८९ च्या शरदात प्रयोगशाळेत तशी फिल्मपट्टी तयार झाल्याचा पुरावा नाही, नळकांड्याचे प्रयोगसुद्धा तेव्हा धड झाले नव्हते. १९६१ मध्ये गॉर्डन हेंड्रिक्स या संशोधकाने जुने कागद तपासून एडिसनची दंतकथा मोडून काढली आणि बरंचसं श्रेय डिक्सनला दिलं. पण त्याच तपासात डिक्सनच्या तारखाही खोट्या पडल्या. ज्याला खरंच पुष्कळ श्रेय द्यायचं राहून गेलं होतं, त्याने न केलेल्या गोष्टीचं श्रेय मागून स्वतःची बाजू लंगडी केली. २८ सप्टेंबर १९३५ ला ट्विकनहॅम इथे तो वारला.

व्हायोलिनच्या प्रयोगाचं काय झालं? फिल्म एडिसनच्या संग्रहातून १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेली आणि पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पोहोचली. लोक ती मूकपट म्हणूनच बघत. मेणाचा सिलिंडर मात्र वेस्ट ऑरेंजलाच राहिला, हजारो सिलिंडरांच्या गर्दीत. १९६० च्या दशकात यादी करताना तो मोडलेल्या अवस्थेत सापडला. डब्यावर डिक्सनचं नाव, व्हायोलिन आणि किनेटो असा उल्लेख होता. नोंद झाली आणि तो परत कपाटात गेला. आपल्याकडेही जुन्या फिल्मची रिळं एका संस्थेत आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका भलत्याच संग्राहकाकडे असतात, तोच प्रकार.

१९९८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पुढाकाराने सिलिंडर सांधला गेला आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात त्याचा आवाज उतरवून घेतला. आता एका बाजूला सुमारे १७ सेकंदांचं चित्र होतं आणि दुसऱ्या बाजूला सुमारे दोन मिनिटांचा आवाज. दोन मिनिटांतले १७ सेकंद कुठले? आणि डिक्सनने फिल्म सेकंदाला सुमारे ४० चित्रांच्या वेगाने काढलेली. आजच्या सिनेमाच्या २४ चित्रांच्या वेगाने चालवली, तर तेच दृश्य २८ सेकंद चालेल आणि गज सुराच्या मागे लटकत राहील. सुरुवात जुळत नाही आणि वेगही जुळत नाही, दोन्ही दुखणी एकदम.

२००० मध्ये हे काम वॉल्टर मर्च याच्याकडे आलं. अपोकॅलिप्स नाऊच्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळवलेला हा संकलक. त्याने चित्र आणि आवाज दोन्ही कॉम्प्युटरवर संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतले. आधी चित्राचा वेग दुरुस्त केला, मग आवाजाची पट्टी चित्राखाली पुढेमागे सरकवत, डिक्सनचा गज कुठे दिशा बदलतो आणि सूर कुठे बदलतो हे पाहत राहिला. सिलिंडरवर वादन सुरू होण्याआधी एक माणूस बाकीच्यांना तयार आहात का विचारतो आणि सुरू करा म्हणतो, तेही ऐकू येतं. शेवटी एका जागी गज आणि सूर एकमेकांत बसले.

ही फिल्म २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेली आणि आज इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. बघाल तेव्हा नाचणाऱ्यांकडे नको, डिक्सनच्या उजव्या हाताकडे बघा. शेवटच्या क्षणी कर्ण्यामागून आणखी एक माणूस फ्रेममध्ये पाऊल टाकतो आणि फिल्म संपते. सिलिंडरवर व्हायोलिन मात्र सुमारे २३ सेकंद वाजतं, म्हणजे चित्रापेक्षा थोडंसं जास्त.